खोदायला पैसे, शिकायला नाहीत

पगाराची स्लिप आपण सगळे खालून वर वाचतो. आधी हातात किती पडले ते, मग आयकर, मग पीएफ, आणि त्या गर्दीत कुठेतरी 'प्रोफेशन टॅक्स' नावाची दोनशे रुपयांची ओळ. फेब्रुवारीत ती तीनशेची होते, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५०० भरतात. परवा ऑफिसात जेवताना एका नव्या मुलाने विचारलं, हा टॅक्स कशाचा असतो? टेबलावर कुणालाच सांगता येईना. मला येत होतं, त्यामुळे मी नेहमीसारखा सुरू झालो. त्या बिचाऱ्याने पोळी संपवून काढता पाय घेतला. त्याला सांगायचं राहिलेलं इथे लिहितोय. आमची भंडाऱ्याकडची मंडळी हे वाचतातच, त्यांना यातलं बरंचसं घरचं आहे.

तर गोष्ट अशी. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यातल्या हाताला काम मागण्याचा हक्क असावा, हा विचार त्यांनी आधी सांगली जिल्ह्यात विसापूरला करून पाहिला. मग १९७२ चा दुष्काळ पडला आणि रोजगार हमी योजना राज्यभर पोचली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणायचा, यावरचा उपाय मात्र त्याआधीच, १९७५ मध्ये निघाला होता. शहरातल्या पगारदाराकडून, वकील-डॉक्टरांकडून एक छोटा कर घ्यायचा, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचं. तोच हा प्रोफेशन टॅक्स. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयाने आमच्याकडच्या बोड्या खोदल्या गेल्या, शिवारात जाणारे रस्ते झाले. पुढे २००५ मध्ये दिल्लीने देशासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचंच उदाहरण समोर होतं. फेब्रुवारी २००६ मध्ये तो ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात भंडारा होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आणि राज्यांवरचा खर्चाचा भार वाढवला. त्यावर पुष्कळ भांडण झालं, आणि ते व्हायलाच हवं. पण आज मला वेगळंच बोलायचं आहे.

ज्या हिशोबाने सरकार माणसाला खोदायची मजुरी देतं, त्याच हिशोबाने त्याने शिकायचीही मजुरी द्यावी, असं माझं म्हणणं आहे. फी माफ केली, पुस्तकं फुकट दिली, की झालं असं नाही. मी रोजच्या मजुरीबद्दल बोलतोय.

हे डोक्यात आलं ते भाच्यामुळे. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा. लाखनी तालुक्यात त्यांचं दोन एकर धान आहे, बाकी ताई आणि भाऊजी दुसऱ्याच्या बांध्यांत जातात. पोरगा आयटीआयला वीजतंत्रीला होता. (वीजतंत्री, जोडारी, कातारी, संधाता ही सरकारी मराठी नावं मला फार आवडतात. पोरं अर्थातच इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, वेल्डर म्हणतात.) पहिलं वर्ष बऱ्या मार्कांनी पार पडलं. दुसऱ्या वर्षी ऐन रोवणीत भाऊजींच्या पायाला लागलं, ते दोन महिने उठले नाहीत. पोरगा आधी "फक्त रोवणीपुरता" घरी राहिला, मग हजेरी बुडाली म्हणून जायला लाजला, आणि दिवाळीनंतर नागपूरजवळच्या एका गोदामात ठेकेदाराकडे लागला. पोती आणि खोकी चढवायची, उतरवायची. मी फोनवर जरा चिडून विचारलं, अरे, सात-आठ महिने राहिले होते, काढता आले नसते का? तो शांतपणे म्हणाला, "मामा, सिकाले कोनी पैसे देत नाई. खोदाले देते, ओझं उचलाले देते."

पूर्ण खरं बोलायचं तर देतात. महाराष्ट्रातल्या आयटीआयच्या मुलांना विद्यावेतन कित्येक वर्षं महिना ४० रुपये होतं. चाळीस! २०२३ मध्ये ते ५०० करायचा निर्णय झाला. बातम्यांत 'बारा पटींहून जास्त वाढ' म्हणून त्याचं कौतुकही झालं असेल. आता शेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोहयोची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे मुलगा महिनाभर वायरिंग शिकला तर त्याला जे मिळतं, ते दोन दिवस माती टाकण्याच्या मजुरीपेक्षाही कमी. माती टाकणाऱ्याला जास्त मिळतात असं मी म्हणत नाहीये, ३१२ रुपये जास्त नाहीतच. पण दोन एकरवाल्या घरात अठरा-वीस वर्षांचा मुलगा म्हणजे अख्खा एक रोज असतो. तो वर्गात बसला की घरातली एक मजुरी बुडते. ती फी आयटीआयच्या माहितीपत्रकात छापलेली नसते, आणि ती माफही होत नाही.

एसटीच्या पासात सवलत आहे, ते खरं. ती एसटी सकाळी वेळेवर गावात येईल का, हे पासवर लिहिलेलं नसतं, हेही खरं. असो.

भंडाऱ्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमचा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टात रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मग चुरणे. ज्यांना पाणी आहे ते उन्हाळी धान घेतात, बाकीच्यांचे महिने रिकामे. या रिकाम्या महिन्यांत पूर्वी बायका विड्या वळायच्या. ते काम हळूहळू ओसरलं. भंडारा शहराची ओळख पितळेच्या भांड्यांची. ती घडवायची विद्या घरातच बापाकडून मुलाकडे जायची, शाळेची गरज नव्हती, सरकारची तर नव्हतीच. मग स्टील आलं. हात तयार होते, पण त्या हातांना दुसरं काही शिकवायला कुणी नव्हतं. 'ज्याला शिकायचं तो शिकतोच' असं म्हणणाऱ्यांनी एकदा भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीत एखाद्या म्हाताऱ्या कारागिराशी बोलून बघावं.

आणि आता कापणीला हार्वेस्टर येतात. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. धान पिकलं की पंजाबकडची मोठी यंत्रं गावोगाव फिरतात, चालक आणि मदतनीसही बहुतेक त्यांच्याकडचेच. जी कापणी दहा-बारा बायकांचा जथा दिवसभर करायचा, ती तासाभरात उरकते. शेतकऱ्याला स्वस्त पडतं, त्याचा दोष नाही. पण बायकांची मजुरी गेली ती गेली, आणि तिच्या जागी जे नवं काम आलं, म्हणजे यंत्र चालवायचं आणि दुरुस्त करायचं, तेही आमच्या पोरांकडे आलं नाही. हजार-दीड हजार किलोमीटरवरून माणूस येतो, महिना-दोन महिने कमावतो आणि जातो. आमचा पोरगा बांधावर उभा राहून मोबाईलमध्ये त्याचा व्हिडिओ काढतो.

काम आलं आणि ते करायचं कसब इथल्यांच्या हाती नाही, अशी उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. गावोगाव सौर पंप बसले. तो बंद पडला की कंपनीच्या माणसाची वाट बघायची. राईस मिलमध्ये धान आमचं, पण नवी मशीन अडली की तंत्रज्ञ बाहेरून येणार.

उलट उदाहरणही जिल्ह्यातच आहे. जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी. जानेवारी २०२५ मधल्या स्फोटात तिथे माणसं गेली, त्यामुळे आता हे नाव आमच्याकडे जरा खालच्या आवाजातच घेतात. पण वर्षानुवर्षं तिथे अप्रेंटिस म्हणून लागणं म्हणजे घरात पेढे. का? कारण तिथे शिकताना महिन्याला पैसे मिळायचे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचीच ती पद्धत आहे: कामावर शिका आणि शिकताना विद्यावेतन घ्या. त्या पैशांच्या भरवशावर कितीतरी घरांनी आपला एक रोज दोन-दोन वर्षं कारखान्याला दिला. कामगाराच्या पोराला शिकायची गोडी नाही, असं कुणी म्हटलं की मला ते पेढे आठवतात. हल्ली तिथे मुदतीवरची भरती निघते, तो भाग वेगळा.

तुम्ही म्हणाल, कौशल्य विकासावर सरकारने पैसा काय कमी ओतला? आणि त्याचं काय झालं ते वाचलं नाहीस का? वाचलं. डिसेंबर २०२५ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला, २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवर. शिकाऊंच्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून जास्त नोंदींत बँक खात्याच्या रकान्यात शून्य, 'लागू नाही' किंवा नुसती कोरी जागा. थोडक्या मुदतीच्या अभ्यासक्रमांतून प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी ४१ टक्क्यांनाच काम लागल्याची नोंद. आमच्या ऑफिसात एकाने ही बातमी मला मुद्दाम पाठवली, खाली हसरा चेहरा.

पण त्या अहवालाने माझं म्हणणं खोडून निघत नाही. खात्याचा रकाना लाखो नोंदींत कोरा राहतो आणि कार्यक्रम तरी चालू राहतो, याचा अर्थ काय? पैशाची मुख्य वाट शिकणाऱ्याच्या खात्याकडे जातच नव्हती. ती माणशी दर ठरवून शिकवणाऱ्या केंद्राकडे जात होती. केंद्राला डोकी मोजून पैसे मिळणार असतील तर ते डोकीच जमवणार. उद्या रोहयोत मजुराच्या खात्यात काही न टाकता फक्त मुकादमाला डोक्यामागे पैसे दिले, तर रस्ते कसे होतील? शिकणाऱ्याच्या खात्यात दर पंधरवड्याला त्याच्या हजेरीचे पैसे पडले, तर तो स्वतःच पहिला तपासनीस होईल. मास्तर आले नाहीत, मशीन बंद आहे, हे तो ओरडून सांगेल, कारण त्याची दांडी पडली तर त्याचाच रोज जाणार.

आणि हे स्वप्नरंजन नाही. केंद्र सरकारने स्वतःच २०१९ च्या शेवटी 'उन्नती' नावाचा प्रकल्प काढला होता. मनरेगात १०० दिवस पूर्ण केलेल्या घरातल्या एका माणसाला प्रशिक्षण, आणि तेवढे दिवस, जास्तीत जास्त १०० दिवस, बुडालेल्या मजुरीची भरपाई. किती शहाणी कल्पना! उद्दिष्ट होतं देशभरात २ लाखांचं, आणि योजना त्याच्या जवळपासही पोचली नाही. मध्ये करोना आला हे खरं, पण तिच्या मागे लागणारं कुणी नव्हतं हेही खरं. तुमच्यापैकी किती जणांनी तिचं नाव ऐकलं होतं?

आपल्या राज्यानेही २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८, पदवीधराला १० हजार. म्हणजे पैसे नाहीत ही सबब आता चालणार नाही, ते निघतात. पण त्यात गंमत अशी झाली की पुष्कळ मुलं ग्रामपंचायतीत, शाळेत, कुठल्याशा कार्यालयात बसून फॉर्म भरत राहिली. सहा महिन्यांचे अकरा महिने झाले, आणि नंतर 'आता आम्हाला कायम करा' म्हणून आंदोलनं सुरू झाली. त्या मुलांचं काय चुकलं? रोज दिला, शिकवलं काहीच नाही. आयटीआयत शिकवतात, पण रोज देत नाहीत. या दोन्हींचं लग्न लावायला कुणी भटजी मिळत नाही असं दिसतंय.

मग पैसा द्यायचा कुणाला? माझ्या मते जी संस्था उद्याही त्याच जागी असणार आहे तिला. तालुक्याचं आयटीआय पन्नास वर्षांनीही तिथेच असेल. कौशल्य केंद्राचा फ्लेक्स दीड वर्षात उतरतो. आयटीआयतल्या शिल्प निदेशकांच्या रिकाम्या जागा ही जुनी रड आहे, ती आधी मिटवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'पीएम-सेतू' सुरू झाली, देशातली १,००० आयटीआय सुधारायला ६०,००० कोटी. चांगलंच आहे. नवी यंत्रं येतील, इमारतीला रंग लागेल. पण त्या यंत्रासमोर रोवणीच्या महिन्यात कोण उभं राहणार, हा भाच्याचा प्रश्न तिथेच आहे. दुसरी टिकाऊ जागा म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ही कल्पना १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे गावात रुजली, आता बहुतेक जिल्ह्यांत अशी संस्था आहे. राहणं-खाणं-शिकणं फुकट, कोर्स काही दिवसांचे, त्यामुळे बायकांनाही जमतं. (फक्त बायका आल्या की शिवणकाम आणि पार्लर, याच्या पुढे कुणीतरी बघा हो. पंप दुरुस्त करणारी बाई गावाला चालणार नाही असं कुणी सांगितलं?)

आता हिशोब, कारण त्याशिवाय आमचे काका ऐकणार नाहीत. ३१२ रुपये गुणिले महिन्याचे २५ दिवस म्हणजे ७,८००. दोन वर्षांचे १ लाख ८७ हजार २००. जिल्ह्यातल्या अगदी एक हजार मुलामुलींना, हजेरीच्या अटीवर, दोन वर्षं शिकायची मजुरी द्यायची तर १८ कोटी ७२ लाख. वर्षाला साडेनऊ कोटींच्या आत. ऐकायला मोठा आकडा आहे. त्याच्या शेजारी आमच्या गोसेखुर्दचा ठेवा. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा तो प्रकल्प ३७२ कोटींचा होता, आता १८ हजार कोटींच्या वर गेला. म्हणजे मी मागतोय तो साधारण त्याचा हजारावा भाग. धरण नको होतं असं मी म्हणत नाही, पाणी आलं तिथे उन्हाळी धान उभं आहे. पण ज्यांची घरं-शेतं बुडाली त्यांना २०१३ मध्ये सुमारे १,२०० कोटींचं पॅकेज मिळालं, त्यात नोकरीऐवजी एकरकमी पैसे होते. जमिनीवर जगणाऱ्या माणसाला जमीन गेल्यावर हातात रोकड मिळाली आणि नवा हुन्नर मिळाला नाही, तर ती रोकड किती दिवस पुरते, ते पवनी तालुक्यातल्या पुनर्वसित गावांत कुणालाही विचारा. काही घरांपुढे मोटारसायकली आल्या आणि गेल्याही.

"नोकऱ्याच नाहीत तर शिकून काय करणार?" हाही प्रश्न नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. वरठीचं सनफ्लॅग, गडेगावचं अशोक लेलँड, तुमसरकडच्या मॉयलच्या मँगनीज खाणी, एवढ्यावर सात तालुके जगणार नाहीत. प्रशिक्षणाने कारखाना येत नाही, हे मला मान्य आहे. पण बाहेर जाणारा पोरगा पोती उचलायला गेला की वायरमन म्हणून गेला, यात त्याच्या आयुष्यभराच्या कमाईचा फरक आहे. शिवाय पंप, मोटार, हार्वेस्टर, मिल, घराघरातलं वायरिंग ही कामं गावातच आहेत, आजही पैसे देऊन बाहेरच्याकडून करून घेतली जातात.

जर्मनीचं कौतुक आपल्याकडे फार. तिथे सोळा-सतरा वर्षांचं पोर कारखान्यात शिकतं तेव्हा त्याला मालक पगार देतो. २०२० पासून तर त्याची किमान रक्कम कायद्यानेच ठरली, पहिल्या वर्षी महिना ५१५ युरोपासून सुरुवात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवायचा करार केला. म्हणजे त्यांनी आपल्या मुलांना पैसे देऊन शिकवायचं, आणि आमच्या मुलांनी आपली रोजी बुडवून शिकून त्यांच्याकडे जायचं.

प्रोफेशन टॅक्सची कमाल २,५०० ही घटनेतच घातलेली मर्यादा १९८८ ची आहे. तेव्हापासून आपले पगार कुठल्या कुठे गेले. ती वाढवा म्हटलं तर ऑफिसातली मंडळी मला जेवणाच्या टेबलावर घेणार नाहीत, पण माझी तरी ना नाही. हा पैसा शिकायच्या मजुरीसाठी आहे असं स्लिपवर लिहिलं तर आणखीच बरं.

भंडाऱ्यात जिल्हा नियोजन समितीच्या बैठका होतात, पालकमंत्री येतात, आमदार असतात. आपल्यापैकी दोघा-तिघांची त्यांच्याशी ओळख आहे, नावं घेत नाही. पुढच्या बैठकीआधी ३१२ आणि ५०० हे दोन आकडे त्यांच्या कानावर घाला. निदान रोवणी आणि कापणीच्या महिन्यांपुरता तरी जिल्ह्याने हा प्रयोग करून बघावा.

भाचा आता तेवीसचा आहे. आयटीआयला वयाची वरची अट नसते, तेव्हा परत बस, असं मी त्याला सांगतोय. तो तयार आहे. ताई म्हणाली, "तो बसन गा भाऊ, पन दोन वर्सं घर कसं चालन?" मी म्हटलं, महिन्याला मी पाठवीन. पाठवीनच. पण त्याच्यासोबत त्याच वर्षी सोडून गेलेले आणखी तिघे आहेत, एक जण त्याच गोदामात. दहावीचा निकाल लागला की प्रवेशाचे अर्ज सुरू होतील. तोवर त्या तिघांचं काही जमतंय का बघतोय. कुणाला एखाद्याचा रोज उचलायचा असेल तर मला कळवा.